पंचांग, पर्जन्यमापक आणि पावशा

आकाशदर्शन, पावसाच्या नोंदी, पक्षिनिरीक्षण आणि ज्योतिषाची चिकित्सा हे माझे चारही नाद एकमेकांपासून लांबचे आहेत, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ते चारही पंचांगाच्या एकाच पानावर एकत्र येतात. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात शिरतो आणि पंचांगात त्याच्यापुढे वाहन छापलेले असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला नवाने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून बेडूक, म्हैस, मेंढा, कोल्हा असे वाहन ठरवायचे, असा हा हिशेब आहे. बेडूक किंवा म्हैस असली की पाऊस भरपूर, मेंढा किंवा कोल्हा असला की ओढ.

या गणितात ढग, वारा, समुद्राचे तापमान यांपैकी काहीच येत नाही. शिवाय वाहन सगळ्या मुलखाला एकच असते. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास राहतो. मग म्हैस नेमकी कोणासाठी आली, हे कोणी सांगायचे? आकाश पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकते. परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ डोलत असल्यामुळे, सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचा मृग आजच्यापेक्षा जवळजवळ तीन आठवडे आधी लागत असे. मोसमी पाऊस काही नक्षत्रांचे बोट धरून सरकलेला नाही.

तरीही नुसत्या युक्तिवादावर थांबणे मला पुरेसे वाटत नाही. गच्चीवरच्या पर्जन्यमापकातले पाणी मी वेधशाळेच्या रिवाजाप्रमाणे सकाळी साडेआठला मोजतो आणि वहीत वाहनाशेजारी लिहितो. आमच्या मामांचा आक्षेप ठरलेला असतो : “अरे, मोर म्हणजे मध्यम पाऊस, तो पडलाच की!” मध्यम म्हणजे किती मिलिमीटर, हे नक्षत्र लागण्यापूर्वी त्यांच्याकडून लिहून घेतल्यापासून आमचे वाद बरेच आटोपशीर झाले आहेत.

ही शिस्त मी जयंत नारळीकरांच्या चाचणीवरून उचलली. २००८ मध्ये त्यांनी, सुधाकर कुंटे या संख्याशास्त्रज्ञांनी आणि नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. किमान २८ बरोबर आल्या तरच यश मानायचे, हे आधीच ठरले होते. उत्तरे २७ जणांची आली. सरासरी ४६ टक्के भरली आणि सर्वोत्तम गुण २४ होते. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतातच. मला निकालापेक्षा ती आखणी अधिक देखणी वाटते.

आता वहीत पावशा या पक्ष्याचा रकाना वाढवला आहे. ‘पेरते व्हा’ ही त्याची हाक म्हणजे पावसाची वर्दी, असे शेतकरी मानतात. तो त्याच्या विणीच्या हंगामात ओरडतो आणि तो हंगाम पावसाळ्याला लागूनच येतो, त्यामुळे हाकेनंतर कधीतरी पाऊस पडणारच. म्हणून हाक ऐकू आल्यानंतरचे तीन दिवस आणि त्याच हंगामातले हाक न आलेल्या दिवसांनंतरचे तीन दिवस, अशी तुलना करायची आणि २.५ मिलिमीटरपासून पुढेच पाऊस धरायचा, असे मामांच्या साक्षीने पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.