९ रात्री, १५० लिटर पाणी: क्वार्टझसाइटच्या मुक्कामाची नोंद

वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय वाळवंटात सलग किती रात्री राहता येते, हे मोजण्याचा आमचा हा तिसरा प्रयत्न होता. निवृत्तीनंतर घेतलेल्या आमच्या पंचवीस फुटी मोटारहोममध्ये स्वच्छ पाण्याची टाकी १५० लिटरची, स्वयंपाक-आंघोळीचे सांडपाणी साठवणारी ग्रे टाकी १२० लिटरची आणि शौचालयाची ब्लॅक टाकी १०५ लिटरची आहे. विजेचा हिशेब यांच्याकडे आणि पाण्याचा माझ्याकडे, अशी वाटणी पहिल्यापासून आहे.

यंदाच्या जानेवारीत आम्ही अॅरिझोनातील क्वार्टझसाइटजवळच्या ला पोसा येथे उतरलो. संघराज्य सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची ही जागा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्कामासाठी वापरता येते. पाणी भरण्याची आणि टाक्या रिकाम्या करण्याची सोय तिथे एका ठिकाणी आहे. बाकी खडीची सपाट जमीन, क्रिओसोटची झुडपे आणि दूरदूर उभ्या असलेल्या गाड्या. सांडपाणी जमिनीवर सोडण्यास सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

आधीच्या प्रयत्नात आमची फजिती चौथ्या रात्री झाली होती. फोडणीच्या तेलाचा थर आतल्या संवेदकांवर बसल्यामुळे ग्रे टाकीचा मीटर रिकामी टाकीही भरलेली दाखवू लागला होता, म्हणून त्याच्याकडे पाहणे आम्ही सोडून दिले. टाकी खरोखरच भरली तेव्हा ते न्हाणीत कळले, कारण गाडीतील सर्वांत खालचे तोंड तेच असते: पिवळसर पाणी वर आले आणि त्यावर मोहरीचे दाणे आणि कढीपत्त्याचे एक पान तरंगत होते. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. स्वच्छ पाणी संपले तर कॅन भरून आणता येते. सांडपाणी मात्र बिऱ्हाड आवरून, गाडी हलवूनच टाकून यावे लागते. मुक्काम किती लांबणार हे आमच्याकडे तरी ग्रे टाकीच ठरवते. त्या वेळी आम्ही तिच्यात रोज ३० लिटर ओतत होतो.

या खेपेस शॉवर पूर्ण बंद ठेवला. गरम पाणी येईपर्यंत शॉवरमधून जे गार पाणी वाहून जाते, तेवढ्यात बादली-तांब्याने एकाची आंघोळ होते. चुलीवर तापवलेल्या पाण्यात गार पाणी मिसळून माणशी चार लिटर पुरतात. खरकटी भांडी आधी कागदाने कोरडी पुसायची, मग कुकरच्या तळाशी उरलेल्या गरम पाण्याने घासायची आणि शेवटी टबात विसळायची, असा क्रम ठेवला. टबातले पाणी गाळून शौचालयात फ्लशसाठी वापरले, त्यामुळे ते ग्रे टाकीत गेलेच नाही. तांदूळ धुतलेले पाणीही त्याच टबात जाई. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये होते. रोजचा हिशेब असा बसला: ग्रे टाकीत १२ लिटर, फ्लशसाठी ४ लिटर. नववी रात्र संपली त्या सकाळी स्वच्छ पाण्याच्या टाकीत ६ लिटर उरले होते आणि ग्रे टाकीत १२ लिटरची जागा. दोन्ही टाक्या जवळजवळ एकदमच संपाव्यात, याचे मला नळ दुरुस्त झाल्यासारखे समाधान वाटले.

विजेबद्दल थोडक्यात सांगते. छतावर ४०० वॅटचे पॅनेल आणि गादीखाली अडीच युनिटची लिथियम बॅटरी आहे. जानेवारीचा सूर्य खाली असल्याने आडव्या पॅनेलमधून दिवसाला साधारण सव्वा युनिट मिळे. रात्री हीटरचा पंखा चालूनही सकाळी बॅटरी कधी ६० टक्क्यांच्या खाली गेली नाही. तरीही यांचे म्हणणे दुसरी बॅटरी घ्यावी असेच आहे. बहुतेक मंडळी पैसे छतावर घालतात आणि मग पाचव्या दिवशी टाकी रिकामी करायला निघतात, असे माझे निरीक्षण आहे.

गावातल्या दफनभूमीत हाजी अलीची दगडी पिरॅमिडसारखी समाधी आहे आणि तिच्यावर धातूचा उंट. अमेरिकी लष्कराने १८५० च्या दशकात वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला. स्थानिकांच्या तोंडी त्याचे नाव ‘हाय जॉली’ झाले आणि १९०२ मध्ये तो इथेच वारला. मुंबईकराला ते नाव वाचून समुद्रातला दर्गा आठवल्याशिवाय राहत नाही.

टाक्या रिकाम्या करताना आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. पुढे ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात, म्हणजे अॅरिझोनातल्याच संरक्षित वाळवंटात, तीन रात्री राहिलो. तिथला सग्वारो हा उंच निवडुंग जवळून पाहावा: पाऊस पडला की त्याच्या उभ्या चुण्या पेटीच्या भात्याप्रमाणे पसरतात आणि कोरड्या दिवसांत पुन्हा मिटतात.

शेवटचा मुक्काम न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोजवळच्या ऑलिव्हर ली उद्यानात केला, कारण शेजारच्या व्हाइट सँड्स या पांढऱ्या वाळूच्या उद्यानात मोटारहोमच्या मुक्कामाची सोय नाही. तिथे नळाची जोडणी मिळाली, म्हणून मी पाण्याची वही मिटून ठेवली. रात्री पारा शून्याखाली उतरला आणि बाहेरची नळी काढून ठेवायचे आम्ही दोघेही विसरलो. सकाळी नळ कोरडा! “अहो, कॅनमध्ये काही आहे का?” असे मी विचारले, तर क्वार्टझसाइटचे तीन लिटर शिल्लक होते. त्यावर चहा झाला आणि नळी उन्हात दगडांवर पसरून ठेवली. साडेदहाला तिच्यातून बर्फाची एक लांब कांडी निसटली आणि मग पाणी आले.