नागपूरहून ज्यूसची यंत्रं पाठवताना

हिंगणा किंवा बुटीबोरीहून संत्र्याचा पल्पर (गर-रस काढायचं यंत्र) बाहेरगावी पाठवायचा तर पहिला घोळ होतो एचएसएन कोडचा, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याचा. फळांचा रस काढणारी यंत्रं 8435 मध्ये येतात, डाळमिलची 8437 मध्ये. खाद्यपदार्थांच्या ज्या यंत्राला अशी नेमकी जागा नाही, त्यालाच 8438. सरसकट ‘मशिनरी’ लिहू नका. इनव्हॉइस आणि ई-वे बिलावर (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावर) एकच वर्णन हवं.

भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. 120×100×150 सेंमीची पेटी विमानाने पाठवली तर लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार 6000 ने भागून 300 किलो धरतात, यंत्र 180 किलोचं असलं तरी. म्हणून हॉपर (फळं टाकायचं वरचं नरसाळं) उतरवून आतल्या जागेत बसवा, पेटी लहान होते.

आता पॅकिंग. यंत्र धुऊन पूर्ण कोरडं करा. संत्र्याचा आंबट रस चाळणीत राहिला की डाग पडलाच म्हणून समजा. गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवा जायचं भोक असलेलं बूच) काढून तिथे साधा प्लग लावा, नाहीतर तेल पेटीभर सांडतं. तो ब्रीदर पिशवीत घालून मोटरलाच बांधा. व्ही-बेल्ट सैल सोडा. यंत्राचे पाय पॅलेटच्या (पेटीखालच्या लाकडी चौकटीच्या) आडव्या लाकडांना बोल्टने आवळा. नुसत्या पट्ट्या वाटेत ढिल्या पडतात. लोखंडी पट्टी स्टेनलेसला थेट घासली की तिथे गंज धरतो, मध्ये रबर द्याच.

माल परदेशी जाणार असेल तर लाकडावर आयएसपीएम-15 चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा, म्हणजे बहुतेकदा गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं लाकूड. प्लायवूडला ही अट नाही, पण खालच्या सागवानी किंवा जंगली लाकडाच्या ठोकळ्यांना आहे, आणि माल अडतो तो नेमका तिथेच.