वजन तेच, पोटरी बारीक
आज दिवसभर सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांच्या पोटऱ्या मोजण्याचं काम. वजनकाटा बहुतेकांचा जागच्या जागी, टेप मात्र 34 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे पुरुषांसाठीच्या निकषाखाली. स्नायू झडतो, त्या जागी चरबी बसते, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. वयानुसार स्नायू असा झडण्याला सार्कोपेनिया म्हणतात.

घरी तपासायचं तर खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर शंका घ्यायची. दवाखान्यात यंत्र मुठीत दाबून पकडही मोजतात; आशियाई पुरुषांसाठी तिचा निकष 28 किलो. त्याखाली म्हणजे ताकद कमी.

पडणं, खुब्याचं हाड मोडणं हे धोके उघड आहेत. पण रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतो तो स्नायूच. तो घटला की मधुमेहही आवरेनासा होतो.

व्यायामाचं विचारलं की "रोज चालतो की!" हे ठरलेलं उत्तर. चालणं हृदयाला चांगलंच, पण मांडीला तेवढं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस, दहा-दहाचे दोन फेरे, जमेल तसं हातात वजन. प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, वाटीभर वरणात जेमतेम 5-6 ग्रॅम निघतात. रात्री दूधभातावर भागवणारे इथेच कमी पडतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.