महाराजांना कळतं, कारण महाराज म्हणाले
गुरुपौर्णिमेला मावशीकडे गेलेलो, हातावर पेढा ठेवला आणि लगेच सुरू, आमचे महाराज सगळं जाणतात. म्हटलं मावशी, कशावरून? तर म्हणे ते स्वतःच सांगतात ना, आणि ते चुकतील कसे, सगळं जाणतात ते! झालं, गाडी फिरून परत तिथेच. जास्त खोदलं की ठरलेलं उत्तर, "हे शब्दांत नाही सांगता येत रे, अनुभव घे." आता हे मला थोडं पटतंही, ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात सहावं प्रकरणच शब्दखंडनाचं, म्हणजे शब्द कसे तोकडे पडतात याचं, लिहिलंय, पण तेही शब्दांतच, ओवीमागून ओवी युक्तिवाद करत. इथे शब्द फक्त माझ्या प्रश्नालाच कमी पडतात, महाराजांच्या दोन तासांच्या प्रवचनाला बरे पुरतात! दुसरा पेढा मागितला तर म्हणाली, आधी फोटोला नमस्कार कर.