तीन नद्यांच्या उगमापाशी चार दिवस

गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी ती त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. शाळेत पाठ केलेलं हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ऑक्टोबरात मी आणि धाकटा भाऊ गोदावरी, भीमा आणि कृष्णा यांच्या उगमांकडे निघालो.

नाशिकहून त्र्यंबकला एसटी भरपूर, पण मुक्काम त्र्यंबकातच करा. ब्रह्मगिरी उजाडता उजाडता चढायला घ्यावा, नंतर दगडी पायऱ्या तापतात. कातळात खोदलेल्या जिन्यापाशी माकडांनी आमची केळी पिशवीसकट नेली. खायचं काही हातात धरू नका, सॅकमध्ये टाका. माथ्यावर मूळ गोदावरीचं छोटं मंदिर आहे, पाणी अगदी बेताचं. भावाचा चेहरा पडला. उतरताना गंगाद्वाराकडे वळा, मग कुशावर्त. माथ्यावर लुप्त झालेली गंगा गंगाद्वारी आणि पुन्हा कुशावर्तात प्रकटते, अशी श्रद्धा आहे. या क्रमाने पाहिलं की ती कथा पायांना कळते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला अलोट गर्दी लोटते. निवांतपणा हवा असेल तर तो दिवस टाळा.

भीमाशंकरला मंचर, घोडेगाव करत गेलो. देवळात रांग, गुप्त भीमेच्या जंगलवाटेवर मात्र आम्ही दोघंच. चिखल होता, बूट हवेतच. शेकरू दिसलं. पंढरपुरात जिला चंद्रभागा म्हणतो ती ही भीमाच, पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी.

कृष्णा आधी वाईला भेटली, ढोल्या गणपतीच्या घाटावर, चांगली भरलेली. पसरणीचा घाट चढून क्षेत्र महाबळेश्वर गाठलं. हे बाजारपेठेपासून पाचसहा किलोमीटरवर, इथे चुकू नका. सगळे पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच धारा बघून परत फिरतात. तुम्ही तसेच पुढे कृष्णाबाईच्या देवळापर्यंत चालत जा. काळ्या दगडाचं शेवाळलेलं देऊळ, गोमुखातून कुंडात पडणारी धार आणि समोर उघडलेलं कृष्णेचं खोरं. तिन्ही उगमांत मला हाच भावला. फरशी निसरडी आहे, जपून.

वेण्णा माहुलीला, कोयना कऱ्हाडला कृष्णेत शिरते आणि तिच्याबरोबर पूर्वेला जाते. सावित्री मात्र कोकणात उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. तिचं खोरं बघायला आर्थर सीटला गेलो, तर पुढ्यात नुसतं पांढरं धुकं. लोक गाड्या वळवून निघून गेले. आम्ही मक्याचं कणीस खात तासभर बसून राहिलो. मग धुकं फाटलं आणि खोल तळाशी ती दिसली, पश्चिमेला निघालेली. तुम्हीही तेवढा तासभर हाताशी ठेवा.