तलफेशी झुंजायचे की तिला येऊ द्यायचे?

लठ्ठपणा असलेल्या माणसाला ‘जिभेवर ताबा ठेव’ असे सांगणाऱ्यांची वाण कधीच नसते. भूक कोणत्याही अन्नाने भागते. तलफेला मात्र तोच ठरावीक पदार्थ हवा असतो आणि पोट भरलेले असतानाही ती येते, हे या सल्लागारांच्या गावीही नसते.

‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असे सांगितलेल्या माणसांच्या मनात ते अस्वलच पुन्हा पुन्हा येत राहिले, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले होते. खाण्याचे विचारही असेच दाबता येत नाहीत, आणि म्हणूनच मानसोपचारांचा भर आता निग्रहावर फारसा राहिलेला नाही.

कॅव्हाना, अँड्रेड आणि मे या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडलेला विचार मला यात सर्वांत पटतो. पदार्थाची पहिली आठवण आपोआप येते. तिला बळ मिळते ते नंतर आपण मनात रंगवलेल्या चित्रामुळे, म्हणजे त्याच्या वासामुळे, जिभेवर विरघळणाऱ्या पहिल्या घासामुळे. मनाची चित्रे रंगवण्याची जागा मर्यादित असल्याने काही मिनिटे टेट्रिससारखा, पडणारे ठोकळे नजरेने जुळवण्याचा व्हिडिओ खेळ खेळला तरी तलफ काहीशी ओसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. उपाय पोरकट वाटतो खरा, पण त्यामागचा तर्क पक्का आहे.

दुसरी वाट स्वीकाराची. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते, असे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे ॲलन मार्लेट सांगत. तोंडाला सुटलेले पाणी, जबड्यातला ताण, हाताची चुळबुळ यांकडे नुसते पाहायचे, त्यांची तीव्रता शून्य ते शंभरात मोजायची आणि काहीही न करता थांबायचे. मानसशास्त्रज्ञ फॉरमन यांच्या २००७ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांना ४८ तास चॉकलेटांची पारदर्शक डबी जवळ बाळगायला दिली होती. अन्न समोर दिसताच विरघळणाऱ्यांना इच्छेवर ताबा मिळवण्याच्या तंत्रांपेक्षा स्वीकाराचे हे तंत्र अधिक उपयोगी पडले.

आवडता पदार्थ हातात घेऊन, हुंगून, तरीही न खाता इच्छा ओसरू देण्याची पद्धतही वापरली जाते. दवाखान्यात शिकलेले घरच्या टीव्हीसमोर मात्र टिकेलच असे नाही, म्हणून जिथे आणि ज्या वेळी तलफ येते तिथेच सराव करावा लागतो. ताबा सुटून भराभर खाण्याचे झटके ज्यांना येतात, त्यांनी मात्र हा प्रयोग एकट्याने करू नये. त्यांच्यासाठी प्रशिक्षित उपचारकासोबतची वर्तन-विचार उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार, आधी.