हलव्याची गाठी

२०२० चा गुढीपाडवा. सकाळी गुढीला सगळं होतं. काठी, खण, तांब्या, अगदी कडुनिंबही. तो वॉचमनकाकांनी कंपाउंडातल्या झाडाचा तोडून प्रत्येक दारात ठेवलेला. "मास्क लावूनच तोडलाय हां," हे वर बजावून!

नव्हती ती साखरेची गाठी. काल रात्री आठच्या पंतप्रधानांच्या लॉकडाउनच्या भाषणानंतर ठाण्यात, आमच्या नौपाड्यात खाली जी झुंबड उडाली, त्यात लोक कांदे-बटाटे शोधत होते. गाठीचं कुणाला सुचणार?

मी म्हटलं, राहू दे या वर्षी. सासूबाई काही न बोलता आत गेल्या आणि कपाटातून डबा घेऊन आल्या. माझ्या पहिल्या संक्रांतीचा हलव्याचा हार! जानेवारीत घालून फोटो काढले, मग मी विसरूनही गेले होते. दोन-चार दाणे गळलेले, दोरा जरा पिवळा पडलेला.

"हलवा काय, गाठी काय, दोन्ही साखरच ना गं."

आणि दिला अडकवून.

कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा नाही, ढोल नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लॉकडाउनच्या एकवीस दिवसांतला हा पहिलाच. समोरच्या गॅलरीतल्या काकू मात्र मघापासून डोळे बारीक करून आमच्या गुढीकडे बघतायत. शेवटी ओरडून विचारलंच, "अगं, ते काय लटकवलंयस?"

तुमच्या गुढीला आज काय होतं?